चुकण्याची हक्काची जागा : उपचारांच्या रंगीत तालमीविषयी

आपल्या न्यासाच्या मागील वार्षिक सभेत हिशेबपत्रकावर चर्चा चालू असताना एका ज्येष्ठ देणगीदारांनी एक प्रश्न विचारला. ‘प्रशिक्षण-साहित्य’ या शीर्षकाखाली दोन पुतळे, एक प्लास्टिकचे बाळ आणि काही किरकोळ वस्तू यांचा खर्च दाखविला होता. “रुग्णांसाठी दिलेला पैसा बाहुल्यांवर खर्च करण्याचे कारण काय?” असे त्यांनी सरळ विचारले. सभेत थोडा हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. धर्मादाय रुग्णालयात येणारा रुपया कोणीतरी आपल्या संसारातून बाजूला काढून विश्वासाने दिलेला असतो. त्याचे काय झाले हे विचारण्याचा देणगीदारांस पूर्ण अधिकार आहे. वेळेअभावी सभेत जे उत्तर थोडक्यात द्यावे लागले, ते येथे सविस्तर देत आहोत. रुग्णांच्या नातेवाइकांनीही हा लेख वाचावा, अशी आमची विनंती आहे. कारण या पुतळ्यांचा संबंध जितका डॉक्टरांशी आहे तितकाच त्यांच्याशीही आहे.

तालीम कशाची?

नाटकाच्या पहिल्या प्रयोगापूर्वी रंगीत तालीम होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यात वेशभूषा खरी असते, प्रकाशयोजना खरी असते, प्रवेश ठरल्या क्रमाने होतात. फक्त प्रेक्षक नसतात. कोणी चुकले तर दिग्दर्शक थांबवितो, चूक दाखवितो आणि तोच प्रवेश पुन्हा करून घेतो. वैद्यकशास्त्रात ज्याला सिम्युलेशन म्हणतात, ती उपचारांची अशीच रंगीत तालीम होय. खोली खरी, उपकरणे खरी, डॉक्टर, परिचारिका आणि मावशीही खऱ्या. रुग्णाच्या जागी मात्र पुतळा असतो, किंवा रुग्णाची भूमिका वठविणारी निरोगी व्यक्ती असते.

तथापि या दोन तालमींत एक मोठा फरक आहे. नाटकात संवाद चुकला तर फार तर एक टाळी हुकते. रुग्णालयात पायरी चुकली तर जिवावर बेतते. शिवाय अत्यंत गंभीर प्रसंग हे रोज घडत नाहीत. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, जन्मलेल्या बाळाचा सुरू न झालेला श्वास, एकाएकी थांबलेले हृदय, असे प्रसंग एखाद्या परिचारिकेच्या वाट्यास महिनोन्‌महिने येत नाहीत. आणि येतात तेव्हा सूचना देऊन येत नाहीत. जे क्वचित घडते त्याचा हात बसत नाही, आणि ज्याचा हात बसलेला नाही ते घाईच्या वेळी आठवत नाही.

पूर्वी शिकाऊ डॉक्टर ज्येष्ठांचे काम पाहत आणि मग थेट रुग्णावरच आपला हात बसवीत. याचा सरळ अर्थ असा की, शिकणाऱ्याची पहिली चूक कोणा ना कोणा रुग्णाच्या अंगावर होत असे. आणि धर्मादाय किंवा सरकारी रुग्णालयात तो रुग्ण बहुधा गरीब असे. ज्याच्यापाशी दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही, त्याच्या शरीरावर इतरांनी शिकावे, हे कोणत्याही सेवाभावी संस्थेच्या विवेकास न पटणारे आहे. चूक तर होणारच. माणूस चुकत चुकतच शिकतो. प्रश्न एवढाच की, ती चूक करण्याची हक्काची जागा कोणती असावी? आमचे उत्तर असे की, ती जागा पुतळा ही असावी.

कोहळा, काकडी आणि कमळाचे देठ

ही कल्पना परदेशातून नव्याने आली आहे असा समज असेल, तर तो दूर करणे आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा नववा अध्याय आहे. ‘योग्या’ म्हणजे सराव. विद्यार्थ्याने शास्त्राचे कितीही अध्ययन केलेले असो, त्याने योग्या केलेली नसेल तर तो प्रत्यक्ष कर्मास अयोग्य समजावा, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे.

एवढे सांगून सुश्रुताचार्य थांबत नाहीत. कोणत्या क्रियेचा सराव कशावर करावा याची यादीच त्यांनी दिली आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. भेदनाचा सराव पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर, खरवडण्याचा सराव केस असलेल्या चामड्यावर आणि शिरावेधाचा सराव मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा. शल्य शोधण्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड किंवा वेळू, शिवण्यासाठी जाड वस्त्र व मऊ चामडे, आणि पट्टे बांधण्यासाठी माणसाच्या आकाराचा पुतळा योजावा. बस्ती देण्याच्या सरावासाठी बाजूस छिद्र असलेला पाण्याचा घडासुद्धा सांगितला आहे.

या यादीत एक शहाणपण दडलेले आहे. प्रत्येक वस्तू स्वस्त आहे, सहज मिळणारी आहे, आणि माणसाच्या शरीराच्या ज्या गुणाशी तिचे साम्य आहे नेमक्या त्याच कामासाठी ती निवडलेली आहे. कमळाचा देठ दिसावयास शिरेसारखा नाही. पण सुई टोचली असता हाताला होणारा भास शिरेसारखा आहे. प्रतिकृती हुबेहूब दिसली पाहिजे असे नाही, ती योग्य त्या ठिकाणी खरी वाटली पाहिजे, हे तत्त्व आजच्या महागड्या यंत्रांनाही तितकेच लागू आहे.

कापडाची माता आणि नॉर्वेची ॲन

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंजेलिक द्यू कुद्रे नावाची एक सुईण होऊन गेली. खेडोपाड्यांत अशिक्षित सुइणींच्या हातून माता व बालके दगावत असल्यामुळे राजा पंधरावा लुई याने 1759 मध्ये तिला देशभर फिरून सुइणींना शिकविण्याचा अधिकार दिला. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना ग्रंथ देऊन उपयोग नव्हता. म्हणून तिने कापड, चामडे आणि भरणी यांपासून प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या कटिभागाची प्रतिकृती आणि एक बाळ तयार केले. सुमारे पाव शतक ती गावोगाव फिरली आणि हजारो स्त्रियांना तिने आडवे बाळ कसे फिरवावे, नाळ कशी हाताळावी, हे त्यांच्या हातांना शिकविले. तिच्या या प्रतिकृतींपैकी एक आजही फ्रान्समधील रुआँ येथील संग्रहालयात आहे. या इतिहासातील आम्हांस महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, त्याच प्रतिकृतीवर गावच्या सुइणीही शिकल्या आणि शल्यवैद्यही शिकले.

आज आमच्या प्रशिक्षण-कक्षात जो पुतळा आहे, त्याचे मूळ नॉर्वेत आहे. स्टाव्हांगर या गावी ओस्मुन्ड लार्डाल नावाचे खेळणी तयार करणारे एक व्यावसायिक होते. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनविण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांचा लहानगा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीचा डॉ. पीटर सफार यांनी पुरस्कार केल्यावर, ती सामान्य लोकांना शिकविण्यासाठी माणसाएवढा पुतळा हवा, अशी निकड भासू लागली. भूलतज्ज्ञांच्या सहकार्याने लार्डाल यांनी तो बनविला आणि 1960 मध्ये तो वापरात आला. त्याच वर्षी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. या पुतळ्यास ‘ॲन’ हे नाव आहे. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अज्ञात तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला, असे सांगतात. जिला वाचविण्यास कोणी नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे पाहत जगभरचे लोक इतरांना वाचविण्यास शिकले.

पुढे विमानचालकांच्या प्रशिक्षणातील अनुभवावरून भूलशास्त्र व शल्यशास्त्रातही संगणकीय पुतळे आले. 1999 मध्ये अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने, टाळता येण्याजोग्या चुकांमुळे त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी 44,000 ते 98,000 मृत्यू होत असावेत, असा अंदाज प्रसिद्ध केला आणि संघभावनेने काम करण्याच्या सरावासाठी सिम्युलेशनची शिफारस केली. आपल्या देशातही 2019 पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य-प्रयोगशाळेस स्थान मिळाले आहे.

जन्मानंतरचे पहिले मिनिट

आमच्या खर्चातील सर्वांत लहान वस्तू म्हणजे प्लास्टिकचे बाळ. आत पाणी भरले की त्याला नवजात बाळासारखे वजन आणि तसाच लुळेपणा येतो. शिक्षकाच्या हातातील रबरी फुगा दाबला की ते रडते, छाती हलविते किंवा नाळेचे ठोके दाखविते. न दाबल्यास निपचित पडून राहते. जन्मणाऱ्या दर शंभर बाळांपैकी सुमारे दहा बाळांना श्वास सुरू करण्यासाठी काही ना काही मदत लागते. बहुतेकांना कोरडे पुसून पाठ चोळणे पुरते. काहींना मात्र नाकातोंडावर मुखवटा ठेवून पिशवीने हवा द्यावी लागते, आणि ती पहिल्या मिनिटाच्या आत द्यावी लागते.

2010 मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या संस्थेने आणि तिच्या सहयोग्यांनी अशा बाळाच्या साहाय्याने प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्याचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारीच झाला आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी कर्नाटकातील प्रसूतिसेवा देणाऱ्या 599 व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यापूर्वीच्या व नंतरच्या प्रसूतींची तुलना केली. मृतजन्मांचे प्रमाण 3.0 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आले, आणि त्यांतील प्रसूतीच्या सुमारासच दगावलेल्या बालकांचे प्रमाण 1.7 वरून 0.9 टक्क्यांवर आले. नवजात मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. म्हणजे वाचलेली बालके पुढे काही दिवसांत दगावली, असे झाले नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ विचार करावयास लावणारा आहे. ज्यांना मृत समजून कापडात गुंडाळून बाजूस ठेवले गेले असते, अशी काही बालके वस्तुतः जिवंत होती. त्यांना केवळ हवेची आणि ती देणाऱ्या शिकलेल्या हाताची प्रतीक्षा होती.

मात्र एकदा शिकवून प्रमाणपत्र दिले की काम झाले, असे नाही. टांझानियातील हायडोम येथील रुग्णालयात एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर कर्मचाऱ्यांनी पुतळ्यावरील परीक्षेत चांगले गुण मिळविले. पण प्रत्यक्ष बाळांवरील उपचारांत काहीच फरक पडला नाही. मग तेथे प्रसूतिकक्षातच पुतळा ठेवून थोड्या थोड्या दिवसांनी काही मिनिटांचा सराव सुरू केला. त्यानंतर जन्मापासून 24 तासांतील मृत्यू दर हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. ज्ञान परीक्षेपुरते टिकते. हाताला मात्र रियाज लागतो, ही गोष्ट आपल्याकडील कोणत्याही गवयास सांगावी लागणार नाही.

आमच्या प्रसूतिकक्षातील एक रात्र

आता आमच्याच घरातील एक अनुभव सांगतो. तो सांगताना संकोच वाटतो. परंतु वार्षिक अहवालात केवळ यशच छापावे, असे आम्ही मानीत नाही.

एका रात्रपाळीस पूर्वसूचना न देता आम्ही प्रसूतिकक्षात तालीम घेतली. एक परिचारिका बाळंतिणीच्या भूमिकेत होती. बाळ म्हणून तोच प्लास्टिकचा पुतळा. निवासी डॉक्टरांनी बाळ हातात घेतले, पुसले, पाठ चोळली, बाळ निपचित. त्यांनी पिशवी व मुखवटा मागितला. पिशवी जागेवर होती. मुखवटा मात्र मोठ्या माणसाच्या मापाचा निघाला. नवजात बाळाचा मुखवटा कपाटात होता, कपाटास कुलूप होते, आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरांबरोबर घरी गेली होती. धावपळ झाली, मोठमोठ्याने बोलणे झाले, आणि बाळाच्या तोंडाशी योग्य मुखवटा आला तेव्हा घड्याळात दोन मिनिटे केव्हाच उलटून गेली होती.

तालीम संपल्यावर सर्वांनी गोल बसून बोलावयाचे, असा नियम आहे. सिम्युलेशनचा खरा गाभा या बैठकीत असतो, पुतळ्यात नव्हे. कोण चुकले हे येथे विचारीत नाहीत. काय घडले, का घडले आणि पुढे काय करावे, एवढेच विचारतात. त्या बैठकीत कामास लागून थोडेच दिवस झालेली एक परिचारिका हळूच म्हणाली, “शेजारच्या शस्त्रक्रियागृहात दुसरा संच असतो, हे मला माहीत होते.” मग बोलली का नाही? “सर बोलत होते. मध्ये कसे बोलायचे?”

किल्ली ही त्या रात्रीची लहान चूक होती. मोठी चूक ही होती की, ज्या व्यक्तीस उत्तर ठाऊक होते तिला ते सांगण्याचा धीर होईल, असे वातावरण आम्ही ठेवले नव्हते. हे कोणत्याही तपासणीत उघड झाले नसते. पुतळ्याने ते दोन मिनिटांत दाखविले, आणि त्यासाठी कोणत्याही बाळाने किंमत मोजली नाही. त्या कपाटाचे कुलूप दुसऱ्या दिवशी काढले. नवजात बाळाचा संच आता उघड्या ट्रेमध्ये बाळाच्या टेबलाजवळ असतो, प्रत्येक पाळीस तो तपासून वहीत सही होते, आणि आणीबाणीच्या वेळी मावशींपासून तज्ज्ञांपर्यंत कोणीही मोठ्याने सांगावे आणि इतरांनी ते ऐकावे, असा दंडक घातला आहे.

दारापलीकडची माणसे

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील प्राध्यापक रॉजर नीबोन हे पूर्वी शल्यचिकित्सक होते, पुढे कुटुंबवैद्य झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवा भरून उभे करता येणारे, सहज वाहून नेण्याजोगे एक शस्त्रक्रियागृह तयार केले. आत सगळी यंत्रे नसतात. काहींची केवळ चित्रे असतात. पण डोक्यावरील दिवा, यंत्राचा आवाज, हिरवी वस्त्रे आणि काम करणारा खरा चमू एवढे असले की मन त्या जागेवर विश्वास ठेवते. सुश्रुताच्या कमळाच्या देठाचेच हे तत्त्व. या शस्त्रक्रियागृहाचा उपयोग त्यांनी डॉक्टरांच्या शिक्षणासाठी तर केलाच; शिवाय विज्ञान-महोत्सव, संग्रहालये अशा ठिकाणी ते नेऊन सामान्य नागरिकांनाही आत बोलाविले. प्रतिकृतीवर शस्त्रक्रिया चालते, लोक जवळून पाहतात, प्रश्न विचारतात. यातून लोकांना माहिती मिळते हे खरेच. पण लोकांच्या प्रश्नांतून डॉक्टरांनाही आपल्या कामाची न दिसलेली बाजू दिसते, यावर नीबोन यांचा विशेष भर आहे.

हे वाचल्यावर आम्हीही एक लहानसा प्रयत्न केला. हवेचे शस्त्रक्रियागृह आमच्या आवाक्यातले नव्हते. सभागृहात एक खाट, बाळाचे टेबल आणि तोच पुतळा मांडला. पूर्वी आमच्याकडे प्रसूत झालेल्या काही मातांना, त्यांच्या घरच्यांना आणि परिसरातील आशा कार्यकर्त्यांना बोलाविले, आणि त्यांच्यासमोर तीच तालीम केली. या वेळी मुखवटा जागेवर होता. चाळीस सेकंदांच्या आत बाळास हवा मिळाली. आम्ही मनातून खूश होतो.

समोरच्या रांगेतील एका आजींनी हात वर केला. त्या म्हणाल्या, “सगळे जण बाळाकडं बघत होते, ते बरोबरच हाय. पण त्या बाईला कुणी काय सांगितलं का? ती तिथंच पडून विचारत होती, बाळ का रडंना म्हणून.”

सभागृहात शांतता पसरली. आजींचे निरीक्षण अचूक होते. बाळंतिणीची भूमिका करणाऱ्या परिचारिकेने तीनदा विचारले होते, आणि आमच्यापैकी एकानेही उत्तर दिले नव्हते. इतक्या तालमी झाल्या, इतक्या बैठका झाल्या, पण ही चूक आमच्या ध्यानात आली नव्हती. कारण आम्ही सर्व जण टेबलाच्या एकाच बाजूस उभे होतो.

नंतर एक तरुण पिता उठला. त्याच्या बाळास जन्मतः अशीच मदत लागली होती. बाळ सुखरूप आहे. तो म्हणाला, “त्या दिवशी दार बंद झालं आणि आतून पळापळ ऐकू आली. मला वाटलं, काहीतरी चुकलंय आणि ते माझ्यापासून लपवताहेत. माझा हात दारावर उचलला गेला होता. आज कळलं, ती पळापळ कशाची होती.”

रुग्णालये आणि रुग्णांचे आप्त यांच्यातील अविश्वासाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. डॉक्टरांवर हात उचलले जातात, तो अर्थातच गुन्हा आहे. परंतु बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसास आत काय चालले आहे हे कोणीही सांगत नाही, हेही तितकेच खरे. त्या सभेनंतर आमच्या प्रत्येक आणीबाणीच्या चमूत एका व्यक्तीस एकच काम असते : रुग्णाच्या उशाशी व दाराशी राहून, काय चालले आहे ते साध्या शब्दांत सांगणे. हे काम कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेले नाही. ते त्या आजींनी दिलेले आहे.

आपले दोन हात

नागरिकांचा सहभाग केवळ पाहण्यापुरता नाही. हृदय एकाएकी थांबते ते बहुधा रुग्णालयात नव्हे, तर घरी, शेतावर किंवा बसस्थानकावर. अशा वेळी मदत न मिळाल्यास प्रत्येक जाणाऱ्या मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी पहिली काही मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीच असतात.

डेन्मार्कने 2005 पासून शाळांत आणि 2006 पासून वाहन-परवान्यासाठी हे शिक्षण आवश्यक केले. घरी सराव करता यावा म्हणून सुमारे दीड लाख प्रशिक्षण-संच वाटले. 2001 मध्ये हृदय थांबलेल्या व्यक्तींपैकी 21.1 टक्क्यांना जवळच्या माणसांनी छातीवर दाब दिला होता. 2010 मध्ये हे प्रमाण 44.9 टक्के झाले. महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण 3.5 टक्क्यांवरून 10.8 टक्क्यांवर गेले. याचे श्रेय एकट्या प्रशिक्षणाचे नाही, रुग्णवाहिका-सेवा व उपचारही सुधारले; तथापि सामान्य माणसाचे हात त्यात निश्चित आहेत.

आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने 2017 मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीवर दाब देण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध झाली. ती थोडक्यात अशी. कोसळलेली प्रौढ व्यक्ती हाक मारून व खांदे हलवून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर कोणालातरी 108 क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे. व्यक्तीस कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवावी, त्यावर दुसरा हात ठेवावा, कोपरे ताठ ठेवून सुमारे 5 सें.मी. खोल दाबावे आणि छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मिनिटास 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत न थांबता हे करावे. बुडालेल्या व्यक्तीस आणि लहान मुलांस श्वासही द्यावे लागतात. ते प्रत्यक्ष शिकूनच करावे.

वाचून हे सोपे वाटते. पुतळ्यावर करून पाहिले की पाच सेंटिमीटर म्हणजे किती जोर, आणि दोन मिनिटांत दंड कसे भरून येतात, ते कळते. म्हणूनच पुतळा हवा.

मर्यादा

पुतळ्याचे अवास्तव कौतुक करण्याची आमची इच्छा नाही. पुतळा भीत नाही, त्याला वेदना होत नाहीत, त्याच्या घरी कोणी वाट पाहत नसते. त्याच्यावर तरबेज झालेला हात माणसाजवळ आल्यावर हळुवार होईलच, याची हमी कोणताही पुतळा देत नाही. ती शिकवण ज्येष्ठांच्या सहवासातून आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहूनच मिळते. तालमीत चुकणाऱ्याची चेष्टा झाली, तर तो पुढे चूक लपविण्यास शिकतो, आणि मग तालीम न झालेली बरी. महागडे यंत्र आणून काचेच्या कपाटात ठेवले तर त्यापेक्षा कोहळा आणि काकडी अधिक उपयोगी पडतात. म्हणून आम्ही मोठ्या यंत्राच्या मागे न लागता साधी साधने घेतली आणि ती रोज हाताळली जातील, इकडे लक्ष दिले.

ज्या देणगीदारांनी सभेत प्रश्न विचारला, त्यांना आम्ही नंतर तालीम पाहण्यास बोलाविले. ते आले, शेवटपर्यंत थांबले आणि निघताना बाळाचा पुतळा हातात घेऊन म्हणाले, “हे बरेच जड आहे हो.” त्यात पाणी भरलेले होते, एवढेच आम्ही त्यांना सांगितले.

आपणही अवश्य यावे. तालमीच्या तारखा बाह्यरुग्ण विभागातील फलकावर लावलेल्या असतात, शुल्क नाही. देणगीदारांनी आपल्या पैशाचे काय होते ते पाहावे, विश्वस्तांनी आमच्या चुका पाहाव्यात आणि नातेवाइकांनी आम्हांस प्रश्न विचारावेत. पुतळ्याभोवती आपण सर्व एकत्र उभे राहिलो, तर खऱ्या प्रसंगी आपल्यामधले दार बंद असले तरी त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांस परकी राहणार नाहीत. रात्री-अपरात्री या रुग्णालयात जे बाळ जन्मास येईल आणि क्षणभर रडणार नाही, त्याच्या वतीने आम्ही आपणांस हे निमंत्रण देत आहोत.